लाकडाचा रंग उतरवणारा खार

अमेरिका आणि कॅनडातल्या असंख्य घरांच्या मागच्या दाराबाहेर लाकडी फळ्यांचा एक उघडा चौथरा असतो. त्याला डेक म्हणतात. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्याही तो ओळखीचा आहे. उन्हाळ्यात साऱ्या घराचा वावर तिथेच असतो. डेकवर छप्पर नसते, त्यामुळे ऊन, पाऊस आणि बर्फ हे सगळे फळ्यांनाच सोसावे लागते. काही वर्षांत वरचा रंग तडकतो, पोपडे धरतो, मधल्या वाटेवर झिजून जातो. नवा हात देण्याआधी जुना रंग काढणे भाग असते आणि त्यासाठी दुकानात ‘डेक स्ट्रिपर’ नावाचे द्रव्य मिळते. फळ्यांवर फवारायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, ब्रशने घासायचे आणि पाण्याने धुवायचे. जो रंग पॉलिश कागदाने घासून काढायला दोन-तीन दिवस गेले असते, तो चिखलासारखा वाहून जातो.

डब्यातले मुख्य द्रव्य बहुतेक वेळा सोडियम हायड्रॉक्साइड असते, म्हणजे आपल्याकडचा कॉस्टिक सोडा. काही डब्यांत त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. दोन्ही तीव्र खार आहेत, रसायनशास्त्राच्या भाषेत आम्लारी. हे द्रव्य ज्या क्रियेने रंग उतरवते, तीच क्रिया ते माणसाच्या कातडीवर आणि डोळ्यातही करते. ते वापरताना घ्यायची जवळजवळ प्रत्येक खबरदारी या एका गोष्टीतून निघते, आणि म्हणून ती क्रिया नीट समजून घेणे हातमोज्यांइतकेच आवश्यक आहे असे मला वाटते.

जुन्या पद्धतीच्या लाकडी रंगांचा आधार तेल हा असतो. अळशीचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्याचा पापुद्रा लाकडावर बसतो. अल्किड नावाचे आधुनिक रंगही तेलातली मेदाम्ले वापरूनच बनवलेले असतात. तेल म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांची जोडणी. तीव्र खार ही जोडणी तोडतो. ग्लिसरीन सुटे होते आणि मेदाम्लांचा सोडियमशी संयोग होऊन साबण तयार होतो. फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चरबीचा साबण होताना नेमके काय घडते ते प्रथम नीट उलगडून दाखवले. डेकवर हेच घडत असते. रंगाचा सांधा असलेले तेल साबण होऊन विरघळते, त्याने धरून ठेवलेली रंगपूड मोकळी होते आणि पाण्याबरोबर निघून जाते. ज्या रंगाचा आधार ॲक्रिलिक आहे त्यात साबण होण्याजोगे तेल नसते. म्हणून अशा रंगावर कॉस्टिकचा प्रभाव कमी पडतो. तो मऊ पडतो, फुगतो, पण सहजासहजी सुटत नाही. अशा वेळी द्रव्य अधिक तीव्र करून पाहण्याचा मोह होतो. त्याने रंग निघत नाही, लाकूड मात्र खराब होते आणि काम करणाऱ्याचा धोका वाढतो.

या खाराचा इतिहास लाकडापासूनच सुरू होतो. लाकूड जाळले की मागे उरलेल्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. राख पाण्यात कालवून गाळली की सौम्य खाराचे पाणी मिळते. त्यात विरवलेला चुना घातला की चुन्यातला कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो आणि वर राहते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. सौम्य खाराचा तीव्र खार होतो तो असा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. मुष्कक, म्हणजे आपल्याकडचा मोखा, या झाडाची लाकडे चुनखडीसह जाळावी, राख सहापट पाण्यात कालवून एकवीस वेळा गाळावी, ते पाणी मंद आचेवर ढवळत आटवावे, लाल तापवलेली चुनखडी आणि शिंपले त्यात विझवावे आणि तयार झालेला क्षार तोंड बंद केलेल्या लोखंडी भांड्यात ठेवावा, असे तिथे सांगितले आहे. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे क्षाराचे तीन प्रकारही केले आहेत. शस्त्राऐवजी मांस कापण्यासाठी वैद्य तो वापरत. आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांनी १९०२ साली आपल्या ‘हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात या अध्यायाचे महत्त्व दाखवून दिले. सौम्य आणि तीव्र खारातला भेद इतक्या स्पष्टपणे जाणणे आणि तीव्र खार हवाबंद ठेवायला सांगणे ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे, कारण उघड्यावर ठेवलेला तीव्र खार हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा सौम्य होतो. यामागचे कारण स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी प्रयोगांनी सिद्ध केले ते १७५० च्या दशकात.

पुढचा प्रवास कारखान्यांचा आहे. फ्रान्सच्या निकोला लब्लां यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून सोडियम हा धातू प्रथमच वेगळा काढला. १८९० च्या दशकात कास्टनर आणि केलनर यांच्या पद्धतीने मिठाच्या पाण्यातून वीज सोडून थेट कॉस्टिक सोडा मिळू लागला. आजही जगातला जवळजवळ सगळा कॉस्टिक सोडा मिठाच्या पाण्यापासून विजेनेच बनतो. त्या वेळी लागणारा पारा मात्र आता बहुतेक ठिकाणी हद्दपार झाला आहे आणि त्याची जागा पटलांनी घेतली आहे.

कॉस्टिक काय खातो आणि काय सोडतो हे कापडाच्या उदाहरणातून चांगले कळते. लोकर पाच टक्क्यांच्या उकळत्या कॉस्टिकमध्ये टाकली तर काही मिनिटांत पूर्ण विरघळते. कापडाच्या प्रयोगशाळेत लोकर ओळखण्याची ही एक रीतच आहे. सुताला मात्र त्याने काही होत नाही. उलट इंग्लंडच्या जॉन मर्सर यांना १८४४ च्या सुमारास असे आढळले की तीव्र कॉस्टिकमधून काढलेले सूत फुगते, मजबूत होते आणि रंग अधिक चांगला धरते. ‘मर्सराइज्ड’ सुती कापड ते हेच. लोकर प्रथिनांची असते, सूत सेल्युलोजचे. माणसाची कातडी, केस, नखे आणि डोळ्याचा पारदर्शक पडदा हे सगळे प्रथिनांचे आणि मेदाचे बनलेले असते. म्हणजे कॉस्टिकच्या दृष्टीने माणूस लोकरीच्या बाजूला आहे.

लाकूड मधोमध येते. त्यातले सेल्युलोज टिकते, पण तंतूंना एकत्र बांधणारे लिग्निन आणि हेमिसेल्युलोज खारात मऊ पडतात, विरघळतात. कागद गिरण्या याच गुणावर चालतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरची गिरणी प्रसिद्ध आहे. अशा गिरण्यांमध्ये बांबू आणि लाकडाचे तुकडे कॉस्टिक व सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवून लिग्निन काढून टाकतात आणि मोकळे तंतू लगदा म्हणून उरतात. डेकवर खार गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला तर तेच काम सौम्य प्रमाणात फळीच्या पृष्ठभागावर सुरू होते. लाकूड वाळल्यावर त्यावर पांढरट लव उठलेली दिसते. ते सुटे झालेले तंतू असतात.

आता शरीराकडे वळू. तीव्र आम्ल कातडीवर पडले की तिथली प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थराने आम्लाची पुढची वाट काही अंशी अडते. खाराचे तसे होत नाही. तो मेदाचा साबण करतो, प्रथिने विरघळवतो, आणि ज्या ऊतीतून जायचे तिलाच पातळ करत आत उतरत राहतो. म्हणून कातडीवर पडलेला कॉस्टिक प्रथम फक्त बुळबुळीत लागतो. ते बुळबुळीतपण म्हणजे आपल्याच कातडीच्या तेलाचा होणारा साबण आहे. सौम्य द्रावण असेल तर वेदना लगेच जाणवत नाहीत, कधीकधी बऱ्याच वेळाने जाणवतात. तोपर्यंत जखम खोल गेलेली असते. या द्रव्याबाबत ‘दुखत नाही, म्हणजे काही झाले नाही’ असे समजणे सर्वांत घातक आहे. बोटे बुळबुळीत लागली की त्याच क्षणी धुवायला जावे.

डोळ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. खार डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, म्हणजे पारपटलातून, फार थोड्या वेळात आरपार जातो आणि आतल्या द्रवात पोहोचतो. तिथे गेल्यावर बाहेरून धुऊन तो सहज निघत नाही. त्यातून आतला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. आणखी एक हानी अशी की बुबुळाच्या कडेला, जिथे पांढरा भाग सुरू होतो तिथे, पारपटलाची वरची कातडी सतत नवी घडवणाऱ्या मूळपेशी असतात. त्या जळाल्या की पारपटल स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. त्यावर रक्तवाहिन्या चढतात आणि ते पांढरट, अपारदर्शक होते. पुढे कितीही काळजी घेतली तरी नुसत्या पारपटल-रोपणाने काम भागत नाही, कारण नव्या पडद्याला सांभाळणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात.

महाराष्ट्रात डेक नसले तरी ही जखम इथल्या नेत्रतज्ज्ञांच्या चांगली परिचयाची आहे आणि तिचे कारण खिशातल्या चुन्यात आहे. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी मुलाच्या हाती लागते, ते ती दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. विरवलेल्या चुन्याचा सामू (पीएच) साधारण १२.४ असतो. चुना डोळ्यात कणांच्या रूपाने अडकून राहतो आणि खार सोडत राहतो, म्हणून अशा वेळी धुण्याबरोबर पापणी उलटवून ते कण काढणेही गरजेचे असते. कॉस्टिकच्या मानाने चुना सौम्य, तरीही त्याने लहान मुलांचे डोळे गेले आहेत. घरात लहान मूल असेल तर चुन्याची पुडी औषधासारखीच उंच, बंद जागी ठेवली गेली पाहिजे, हे इथे आवर्जून सांगितलेच पाहिजे.

अशा डोळ्यांसाठी एक आशा हैदराबादमधून आली. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतले डॉ. वीरेंद्र संगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक सोपी शस्त्रक्रिया मांडली. रुग्णाच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जळालेल्या डोळ्यावर गर्भपटल पसरून त्यावर ते पेरायचे. मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचा मोठा खर्च टळतो आणि काही आठवड्यांत पारपटलावर नवी कातडी धरू लागते. पण ही शस्त्रक्रिया एक डोळा शाबूत असेल तरच अशा रीतीने करता येते. दोन्ही डोळे एकाच वेळी भाजले असतील तर मार्ग फार कठीण होतो, आणि बादलीतून उडालेला शिंतोडा दोन्ही डोळ्यांत जाऊ शकतो.

पोटात गेलेला खार हा तिसरा अपघात. याविरुद्ध एका डॉक्टरने दिलेला लढा सांगण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साबण करायला आणि मोऱ्या साफ करायला घरोघर कॉस्टिकचे डबे असत. पांढरे दाणे साखरेसारखे दिसत. लहान मुले ते तोंडात टाकत. जी वाचत त्यांची अन्ननलिका व्रण भरताना आकसून दोऱ्याएवढी बारीक होई आणि पाण्याचा घोटही उतरत नसे. पेनसिल्व्हेनियातले घशाचे डॉक्टर शेव्हॅलिए जॅक्सन यांनी अन्ननलिकेत आणि श्वासनलिकेत नळी घालून पाहण्याचे तंत्र विकसित केले होते. लोकांनी गिळलेल्या किंवा श्वासाबरोबर आत गेलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी काढल्या. त्यांचा तो संग्रह आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. कॉस्टिक प्यायलेली जी मुले त्यांच्याकडे येत, त्यांच्या अन्ननलिका ते महिनोन्महिने हळूहळू रुंदावत. एका मुलीच्या आकसलेल्या अन्ननलिकेत अडकलेला गोळा काढल्यावर तिने पाण्याचा पेला हातात घेऊन घोट घेतला आणि तो उतरला, हा प्रसंग त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे.

जॅक्सन शस्त्रक्रियांवर थांबले नाहीत. ज्या डब्यामुळे हे घडते त्यावर ‘विष’ असे लिहिलेले नाही, ही गोष्ट त्यांना सहन होईना. त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि अखेर ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी फेडरल कॉस्टिक पॉयझन ॲक्टवर सही केली. दहा टक्के किंवा त्याहून अधिक कॉस्टिक असलेल्या घरगुती डब्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ हा शब्द आणि अपघात झाल्यास काय करावे याच्या सूचना छापणे बंधनकारक झाले. पुढे १९७० साली विषप्रतिबंधक वेष्टनांचा कायदा आला आणि अशा डब्यांना मुलांना न उघडणारी झाकणे आली. डेक स्ट्रिपरच्या डब्याचे झाकण दाबून फिरवावे लागते, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. डब्यावरच्या लाल चौकटीत नळीतून थेंब पडून धातू आणि हात झिजताना दिसतो, ती खूण आता अनेक देशांत वापरली जाते.

मग हे द्रव्य हाताळायचे कसे? सुरुवात पाण्यापासून करावी. डबा उघडण्याआधी बागेतली पाण्याची नळी जोडून, तोटी सोडून, पाणी खरोखर येते ना ते पाहावे. डोळ्यात शिंतोडा गेल्यावर नळी शोधायला लागलेले मिनिट परत मिळत नाही. कारखान्यांसाठी अमेरिकेत असा दंडक आहे की डोळे धुण्याचे साधन दहा सेकंदांत गाठता येईल इतके जवळ असावे आणि ते सलग पंधरा मिनिटे पाणी देऊ शकेल असे असावे. घरीही हेच अंतर मनाशी धरावे. काम एकट्याने करू नये. डोळे मिटलेल्या माणसाला नळीपर्यंत नेणारे कोणीतरी हवे.

काही स्ट्रिपर भुकटीच्या रूपात मिळतात. ती पाण्यात घालायची, पाणी तिच्यावर ओतायचे नाही. कॉस्टिक पाण्यात विरघळताना प्रचंड उष्णता सोडतो. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम शुद्ध कॉस्टिक विरघळला तर पाणी सुमारे २५ अंशांनी तापते, अर्धा किलो घातला तर ते उकळीच्या आसपास जाते. कोरड्या ढिगावर थोडे पाणी पडले तर तेवढ्यापुरते पाणी जागच्या जागी उकळून तीव्र खारासह तोंडावर उडते. म्हणून आधी थंड पाणी, मग थोडी थोडी भुकटी, हळू ढवळत. कोमट किंवा गरम पाणी कधीही नाही.

बादली प्लास्टिकची हवी. ॲल्युमिनियमशी कॉस्टिकची जोरदार क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो, भांडे तापते आणि त्याला भोके पडतात. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही चालत नाही. घराच्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, डेकला लागून असलेले पत्रे आणि काचा आधीच झाकून घ्याव्यात. ब्रश नायलॉनचा घ्यावा. जनावरांच्या केसांचा ब्रश प्रथिनांचा असतो, तो लोकरीच्याच वाटेने जातो. चामड्याचे बूट आणि चामड्याचे हातमोजेही त्याच कारणाने बाद. चामडे खार शोषून घेते आणि पायाला चिकटवून ठेवते, ते अनवाणी उभे राहण्याहून वाईट. नायट्रिल किंवा निओप्रीनचे कोपरापर्यंतचे हातमोजे, रबरी गमबूट आणि पँटचे पाय बुटांत न खोचता बुटांवरून सोडलेले, असा वेश असावा, नाहीतर ओघळलेले द्रावण बुटात साठते. डोळ्यांना नुसता चष्मा पुरत नाही, चारही बाजूंनी बंद गॉगल हवा. कठड्याचे दांडे आणि जिन्याच्या खालची बाजू करताना द्रव वरून खाली येतो, तेव्हा गॉगलवर तोंड झाकणारे पारदर्शक कवचही लावावे आणि हातमोज्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला दुमडाव्यात.

पातळ केले की निर्धोक झाले, हा समज इथे उपयोगाचा नाही. चार टक्क्यांच्या कॉस्टिकचा सामू जवळपास १४ असतो. ते दसपट पातळ केले तर १३ होतो, शंभरपट पातळ केले तरी १२. युरोपच्या नियमांत दोन टक्क्यांपासून पुढचे द्रावण कातडी जाळणारे मानले जाते, आणि अर्ध्या टक्क्यापासून दाह करणारे. फळीवरून वाहणारे, पातळ झालेसे वाटणारे पाणीही या हद्दीत असू शकते. म्हणून घरातली मुले आणि कुत्री-मांजरे शेवटचे धुणे संपेपर्यंत आतच असावीत. कुत्रा ओल्या फळीवरून चालतो आणि मग पंजा चाटतो.

वाऱ्याच्या दिवशी फवारणी करू नये. भर उन्हातही नाही. द्रावण वाळले तर रंग परत घट्ट बसतो, खार लाकडात साठतो आणि वाळलेले कण वाऱ्याने उडतात. सावलीच्या वेळी, एका वेळी थोडासा भाग घ्यावा. एका कोपऱ्यात आधी चाचणी करावी. झुडपांची पाने आधी पाण्याने चांगली भिजवून झाकावीत, आणि काम झाल्यावर पुन्हा धुवावीत. धुताना दाबाच्या पंपाचा जोर कमी ठेवावा. खाराने मऊ झालेले लाकूड जोरदार धारेने खरवडले जाते.

जुन्या डेकबाबत एक मोठा अपवाद आहे, आणि त्याचा धागा थेट देहरादूनला पोहोचतो. तिथल्या वनसंशोधन संस्थेत काम करणारे सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे एक मिश्रण शोधले. ते लाकडात मुरवले की वाळवी आणि बुरशी लागत नाही. क्रोमियममुळे बाकीचे दोन घटक लाकडाला घट्ट धरून राहतात. सीसीए नावाने हे मिश्रण जगभर गेले आणि अमेरिकेतले कित्येक डेक त्याच्याच लाकडाचे बांधले गेले. आर्सेनिकच्या काळजीने २००३ अखेर घरगुती कामासाठी त्याचा वापर तिथे बंद झाला, पण आधी बांधलेले डेक अनेक ठिकाणी उभे आहेत. अशा लाकडावर कॉस्टिक, ब्लीच किंवा ऑक्झॅलिक आम्लाची धुलाई करू नये, असा तिथल्या पर्यावरण खात्याचा सल्ला आहे, कारण लाकडात बांधलेले विषारी घटक त्याने सुटू शकतात. २००४ पूर्वीचा डेक असेल तर लाकूड कोणते ते आधी शोधावे. पन्नास वर्षांपूर्वीचा रंग असेल तर त्यात शिसेही असू शकते.

एकेकाळी रंग काढायला मिथिलीन क्लोराइड सर्रास वापरत. त्याच्या वाफेने बंद जागेत माणसे दगावल्यामुळे अमेरिकेत २०१९ पासून सामान्य ग्राहकांना ते विकण्यावर बंदी आली. कॉस्टिकला तशी वाफ नाही, हा त्याचा मोठा गुण. पण फवाऱ्याचे तुषार श्वासात जातात आणि घसा जाळतात, म्हणून बारीक धुके करणारा फवारा टाळून जाड थेंबांचा वापरावा.

रंग उतरल्यावर लाकूड काळपट दिसते. सिडार आणि रेडवुड या लाकडांमधले टॅनिन खारात गडद होते. त्यावर सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण देतात. उरलासुरला खार त्याने उदासीन होतो आणि लाकडाचा मूळ उजळ रंग परत येतो. ऑक्झॅलिक आम्ल लोखंडाचे डागही काढते, पण तेही विषारीच असते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा करते. आधी भरपूर पाण्याने धुऊन मगच आम्ल द्यावे. आणि ज्या डेकवर ब्लीच वापरले आहे तिथे ते पूर्ण धुतल्याशिवाय आम्ल मुळीच नेऊ नये, नाहीतर क्लोरीन वायू सुटतो. लिटमस कागद ओल्या फळीवर टेकवून पाहिला की खार गेला की नाही ते कळते.

लाकडावर आम्ल चालते, मग भाजलेल्या कातडीवर लिंबू किंवा व्हिनेगर का नको, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सुश्रुतानेही क्षार लावल्यावर कांजीसारख्या आंबट पदार्थांनी त्याचा जोर शमवायला सांगितले आहे. पण तिथे वैद्याने मोजून, एका जागी लावलेला क्षार आहे. अपघातात खार किती आणि कुठे आहे ते कळत नाही. आम्ल शोधण्यात वेळ जातो आणि दोघांच्या संयोगाची उष्णता जखमेत भर घालते. आज प्रथमोपचार म्हणून पाणीच सांगितले जाते, आणि तेही भरपूर. भिजलेले कपडे आणि बूट धुता धुताच काढायचे. कातडीवरून निदान वीस मिनिटे पाणी वाहू द्यायचे. डोळ्यात गेले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, चेहरा अशा बाजूला वळवून की वाहणारे पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही, किमान वीस मिनिटे मंद धार सोडायची. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर धुणे न थांबवता काढायच्या. मगच दवाखान्याकडे निघायचे, आणि शक्य असेल तर वाटेतही धुणे चालू ठेवायचे. दवाखान्यात सामू मोजून तो सामान्य होईपर्यंत ते पुढे धुतात. गिळले गेले असेल तर उलटी करवायची नाही, कारण खार अन्ननलिकेतून दुसऱ्यांदा जातो. तोंड खळखळून धुवायचे आणि तत्काळ रुग्णालय गाठायचे. अमेरिकेत विषबाधा मदतकेंद्राचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ आहे, भारतात दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७.

उरलेले द्रव्य पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. कॉस्टिक पोटात जाण्याचे कित्येक अपघात अशाच बाटल्यांमुळे होतात. मूळ डब्यात, झाकण घट्ट लावून, कुलपात, आम्लाच्या आणि ॲल्युमिनियमच्या वस्तूंपासून दूर ठेवावे. भुकटी हवेतला ओलावा ओढून चिकट होते आणि हळूहळू धुण्याच्या सोड्यात रूपांतरित होते, म्हणून मागच्या वर्षीचा गोळा झालेला डबा किती तीव्र आहे याचा भरवसा नसतो. तो डबा गटारात रिकामा न करता गावाच्या घातक घरगुती कचऱ्याच्या केंद्रात न्यावा. नवा रंग लावायची घाई करू नये. धुतलेल्या फळ्या पूर्ण वाळायला निदान दोन कोरडे दिवस लागतात, आणि पाऊस झाला तर त्याहून अधिक.